दुसरं गिऱ्हाईक

मार्च १९८७. अ‍ॅरिझोनातल्या मेसा गावी शिकागो कब्ज संघाचं सरावशिबिर चालू होतं. आंद्रे डॉसन हा नावाजलेला आउटफिल्डर आपले एजंट डिक मॉस यांना घेऊन तिथे पोहोचला आणि दोघांनी संघाचे जनरल मॅनेजर डॅलस ग्रीन यांच्यापुढे एक करारपत्र ठेवलं. त्यावर डॉसनची सही होती. रकमेची जागा कोरी होती. तुम्हाला योग्य वाटेल तो आकडा घाला, मी खेळतो. माँट्रियलच्या कृत्रिम हिरवळीने डॉसनचे गुडघे खिळखिळे केले होते. शिकागोच्या रिगली फील्डवर खरं गवत होतं, म्हणून त्याला तिथे यायचं होतं. ग्रीन यांना हा प्रकार मुळीच आवडला नाही, पण शेवटी त्यांनी आकडा घातला: पाच लाख डॉलर, वर काही बोनस. आदल्या वर्षी डॉसनला दहा लाखांच्या वर मिळत होते. त्या मोसमात त्याने ४९ होमरन मारले, १३७ धावा आणल्या आणि संघ आपल्या गटात तळाला असूनही लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

ही हकिकत बहुतेक ठिकाणी डॉसनच्या मनाच्या मोठेपणाची म्हणून सांगतात. मोठेपणा होताच. पण डिक मॉस हे भाबडे गृहस्थ नव्हते. ते खेळाडूंच्या संघटनेचे माजी मुख्य वकील. नोव्हेंबर १९७९ मध्ये नोलन रायनला ह्यूस्टनकडून वर्षाला दहा लाख डॉलर मिळवून देणारे एजंटही तेच. बेसबॉलमध्ये तोवर कुणाला तेवढे मिळाले नव्हते. अशा माणसाने कोरा कागद पुढे करावा, याचा अर्थ वेगळा होता. लीगमधला एक अव्वल खेळाडू मोकळा आहे, तो म्हणाल त्या किमतीला मिळतो आहे आणि तरीही त्याच्यासाठी बोली लावायला कुणी पुढे येत नाही, हे त्यांना सगळ्यांच्या नजरेला आणून द्यायचं होतं. १९८५ पासून मालकांनी आपसात संगनमत केलं होतं: एकमेकांच्या खेळाडूंना हात लावायचा नाही. १९८४ ची वर्ल्ड सिरीज डेट्रॉइटला जिंकून देणारा कर्क गिब्सन पुढच्याच वर्षी बाजारात मोकळा उभा राहिला आणि त्याला दुसऱ्या एकाही संघाने विचारलं नाही. तंटा लवादांपुढे गेला. टॉमस रॉबर्ट्स आणि जॉर्ज निकोलाउ या दोन लवादांनी एकामागून एक मोसमांबद्दल मालकांना दोषी ठरवलं. १९९० मध्ये मालकांनी २८ कोटी डॉलरची भरपाई कबूल केली.

माझ्या दृष्टीने बेसबॉलमधल्या करारांचा सगळा इतिहास या एका प्रसंगात सापडतो. खेळाडूची किंमत त्याच्या हातातल्या कसबाने ठरते, असं आपण धरून चालतो. डॉसनचं कसब १९८६ मध्ये जेवढं होतं तेवढंच १९८७ मध्येही होतं. किंमत मात्र निम्म्यावर आली. मधल्या काळात बदललं ते एवढंच की त्याला दुसरं गिऱ्हाईक उरलं नाही. पुढच्या पानांत जे करार येतात, ज्यांतल्या काहींचे आकडे वाचून डोळे फिरतात, ते सगळे मी याच एका प्रश्नाच्या अंगाने वाचले आहेत: त्या दिवशी, त्या खोलीत, खेळाडूला उठून दुसरीकडे जाता येत होतं का? जाता येत असेल तर तो हक्क त्याला कुणी मिळवून दिला होता आणि त्यापायी कुणी काय गमावलं होतं?

हा हक्क शंभर वर्षं जवळजवळ नव्हताच. सप्टेंबर १८७९ मध्ये बफेलो इथे नॅशनल लीगचे मालक जमले आणि त्यांनी आपसात ठरवलं की प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि इतरांनी त्यांना घेऊ नये. हेतू उघड होता, पगार खाली आणणं. पाचांचे पुढे सगळेच झाले. हे राखीव कलम छापील करारात आलं तेव्हा वरवर अगदी साधं दिसत होतं: खेळाडूने नव्या वर्षाच्या करारावर सही केली नाही, तर संघाला जुनाच करार त्याच अटींवर आणखी एक वर्ष चालू ठेवता येईल. मालकांचा अर्थ असा की वाढवलेल्या करारातही हे कलम आहेच, म्हणून तो पुन्हा वाढवता येतो, मग पुन्हा. एका वर्षाच्या वाक्यातून खेळाडूचं सगळं आयुष्य बांधलं गेलं. संघ त्याला विकू शकत होता, बदलू शकत होता, काढून टाकू शकत होता. खेळाडूपुढे पर्याय दोन: सही करा किंवा बेसबॉल सोडा.

याला विरोध झालाच नाही असं नाही. जॉन माँटगोमरी वॉर्ड या खेळाडूने खेळता खेळता कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, १८८५ मध्ये खेळाडूंचा संघ बांधला आणि १८९० मध्ये खेळाडूंची स्वतंत्र लीगही काढली. ती एकच मोसम टिकली. न्यायालयांनी तर मालकांचीच पाठ राखली. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्या लेखणीतून, निकाल दिला की बेसबॉलचे सामने हा काही राज्या-राज्यांमधला व्यापार नव्हे. त्यामुळे मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही. आगगाडीने राज्यांच्या सीमा ओलांडत फिरणाऱ्या, तिकिटं विकणाऱ्या संघांबद्दल दिलेला हा निकाल १९५३ आणि १९७२ मध्येही कायम राहिला.

अशा स्थितीत वाटाघाट म्हणजे काय, तर रुसून घरी बसणं. १९३७ मध्ये न्यूयॉर्क यँकीजच्या जो डिमॅजिओने ४६ होमरन मारले. पुढच्या वर्षासाठी त्याने ४० हजार डॉलर मागितले, संघाने २५ हजार देऊ केले. तो सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या घरी थांबला. मोसम सुरू झाला, यँकीज त्याच्याविना खेळू लागले, आणि एप्रिल सरता सरता तो २५ हजारांवरच परतला. गैरहजर दिवसांचे पैसेही कापले गेले. मैदानात आला तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मंदीचे दिवस होते, लोकांचा राग समजण्यासारखा आहे. पण यातली एक गोष्ट पुढे पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली, आणि ती मला सलते. खेळाडूचा पगार वर्तमानपत्रात छापून येतो, मालकाचा नफा येत नाही. त्यामुळे तिकीट काढून येणाऱ्या माणसाला खेळाडू हावरट दिसतो आणि मालक दिसतच नाही.

राल्फ काइनरची गोष्ट याहून कडू. पिट्सबर्ग पायरेट्सचा हा फलंदाज १९४६ पासून सलग सात मोसम लीगमध्ये होमरनच्या यादीत पहिला किंवा पहिल्याच्या बरोबरीने होता. १९५२ चा मोसम संपल्यावर जनरल मॅनेजर ब्रँच रिकी यांनी त्याचा पगार कापायचं ठरवलं. काइनरने पुढे अनेकदा सांगितलं की रिकींचा युक्तिवाद असा होता: तू असताना आपण शेवटचे आलो, तू नसतानाही शेवटचे येऊ शकतो. हेच रिकी १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवून बेसबॉलमधली वर्णबंदी मोडणारे. एकाच माणसाने हे दोन्ही केलं. राखीव कलमाचा जोर इतका होता की भला माणूसही खुर्चीत बसला की ते वापरत असे.

१९६६ च्या वसंतात लॉस एंजेलिस डॉजर्सच्या दोन पिचरनी जे केलं त्यावर मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण पुढचं बरंच काही तिथून निघतं. सँडी कूफॅक्स आणि डॉन ड्रायस्डेल. आदल्या मोसमात दोघांनी मिळून ४९ सामने जिंकून दिले होते आणि डॉजर्स विजेते ठरले होते. जनरल मॅनेजर बझी बवासी वाटाघाटीत एकाला दुसऱ्याचा दाखला देत: तू एवढं मागतोस, पण तो तर एवढ्यावरच तयार आहे. दोघं एकदा सहज बोलत बसले आणि हा डाव त्यांच्या लक्षात आला. मग त्यांनी ठरवलं की सही करू तर दोघं मिळून, तीन वर्षांसाठी मिळून दहा लाख डॉलर, समान वाटणी, आणि बोलणी आमचा वकील करेल. बेसबॉलमध्ये तारांकित खेळाडूंनी असं आधी केलं नव्हतं. महिनाभर दोघं शिबिराला गेले नाहीत. एका चित्रपटात काम करायचीही तयारी त्यांनी केली. अखेर कूफॅक्स १ लाख २५ हजारांवर आणि ड्रायस्डेल १ लाख १० हजारांवर परतले. मागितल्यापेक्षा बरंच कमी आणि एकाच वर्षासाठी. पण डॉजर्सने तेवढे तरी दिले ते दोघं एकत्र होते म्हणूनच. कूफॅक्स त्या मोसमात २७ सामने जिंकला आणि दुखऱ्या कोपरामुळे तिशीतच निवृत्त झाला.

मालक हा प्रसंग विसरले नाहीत. पुढे सामूहिक करार झाले तेव्हा त्यांनी अट घातली की खेळाडूंनी पगाराची बोलणी संगनमताने करू नयेत. पलीकडे खेळाडूंच्या संघटनेचे मार्व्हिन मिलर बसले होते. त्यांनी मान्यता दिली, मात्र एका अटीवर, संघांनीही संगनमत करू नये. कूफॅक्स आणि ड्रायस्डेल यांना रोखण्यासाठी मालकांनी मागितलेल्या त्याच वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर बोट ठेवून रॉबर्ट्स आणि निकोलाउ यांनी डॉसनच्या काळातले निकाल दिले. करारातली वाक्यं दोन्ही बाजूंनी कापतात, हे मिलर यांना आधीच माहीत होतं.

मिलर हे पोलाद कामगारांच्या संघटनेतले अर्थतज्ज्ञ. १९६६ मध्ये खेळाडूंनी त्यांना आपल्या संघटनेचे कार्यकारी संचालक नेमलं, तेव्हा बेसबॉलमधला किमान पगार सहा हजार डॉलर होता. १९६८ मध्ये पहिला सामूहिक करार झाला आणि तो दहा हजारांवर आला. लोकांना हा आकडा लक्षात राहतो. खरी खेळी त्यांनी १९७० मध्ये खेळली. तोवर खेळाडूची तक्रार ऐकायचे बेसबॉलचे आयुक्त, म्हणजे मालकांनीच नेमलेला माणूस. मिलर यांनी त्या जागी तटस्थ लवाद आणवला. हे कलम इतकं रुक्ष होतं की मालकांना त्यातला धोका दिसला नाही. पाच वर्षांत राखीव कलम त्याच लवादापुढे उभं राहिलं.

मधल्या काळात कर्ट फ्लड न्यायालयात गेला होता. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने बारा वर्षं आपल्याकडे खेळलेल्या या सेंटर फिल्डरला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. २४ डिसेंबरला त्याने आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिलं की माझ्या इच्छेचा विचार न करता विकता-घेता येईल अशी मी मालमत्ता नाही. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाने गुलामगिरीचा शब्द उच्चारला म्हणून त्याच्यावर टीकेची झोड उठली. पगार मोठा असला तरी बांधलेला माणूस बांधलेलाच, हे त्याचं उत्तर होतं. मिलर यांनी त्याला आधीच बजावलं होतं की तू हरण्याचीच शक्यता जास्त आणि तुझी कारकीर्द यात संपेल. यातून इतरांचं भलं होईल का, एवढंच त्याने विचारलं. खटल्यात निवृत्त जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला, हँक ग्रीनबर्ग आला. खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात येऊन बसला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला. १९७१ मध्ये वॉशिंग्टनसाठी १३ सामने खेळून तो बेसबॉलमधून गेला होता. १९९७ च्या जानेवारीत तो वारला. त्याच्या नावाचा कायदा काँग्रेसने १९९८ मध्ये केला.

दार उघडलं ते लवादाच्या बाजूने. ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांनी पिचर कॅटफिश हंटरच्या एक लाखाच्या पगारातला निम्मा भाग विम्याच्या योजनेत भरायचं कबूल केलं होतं आणि भरला नाही. डिसेंबर १९७४ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी म्हटलं, करार मोडला, हंटर मोकळा. मग उत्तर कॅरोलायनातल्या अहॉस्की या लहानशा गावी, हंटरच्या वकिलांच्या कचेरीत, जवळजवळ सगळ्या संघांचे प्रतिनिधी पाळीपाळीने हजेरी लावू लागले. ३१ डिसेंबरला यँकीजने त्याला पाच वर्षांसाठी ३० लाखांहून अधिक डॉलर दिले. काही आठवड्यांपूर्वी हाच माणूस एक लाखाचा होता. खुल्या बाजारात आपली किंमत काय असेल, हे खेळाडूंना त्या दिवशी पहिल्यांदा आकड्यात दिसलं.

पुढच्याच वर्षी डॉजर्सचा अँडी मेसरस्मिथ आणि माँट्रियलचा डेव्ह मॅकनॅली हे दोघं सही न करता, वाढवलेल्या करारावर खेळले. वर्ष संपल्यावर संघटनेने दावा केला की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मॅकनॅली तर मोसमाच्या मध्येच निवृत्त होऊन माँटानातल्या आपल्या घरी गेला होता. त्याला मोकळं होऊन मिळवायचं काही उरलं नव्हतं. दावा निकालात निघावा म्हणून संघाने त्याला सहीसाठी पैसे देऊ केले. त्याने ते घेतले नाहीत. २३ डिसेंबर १९७५ ला साइट्झ यांनी खेळाडूंच्या बाजूने कौल दिला. मालकांनी त्यांना लगेच लवादपदावरून काढलं. सुमारे ९६ वर्षं चाललेलं राखीव कलम एका वाक्याच्या सरळ वाचनाने संपलं.

आता मालकांना भीती होती की सगळेच खेळाडू मोकळे होतील. फिनली मात्र म्हणाले, होऊ द्या, सगळ्यांना दरवर्षी मोकळं करा. मिलर यांनी पुढे लिहिलं की फिनलींचं कुणी ऐकेल की काय, याचीच त्यांना धास्ती होती. दरवर्षी शेकडो खेळाडू एकदम बाजारात आले तर भाव कोसळणार. थोडे आले तर चढणार. मालकांनी फिनलींकडे दुर्लक्ष केलं. जुलै १९७६ मध्ये तडजोड झाली की सहा वर्षं मेजर लीगमध्ये काढल्यावर खेळाडू मोकळा होईल. मालकांना वाटलं आपण सहा वर्षं वाचवली. मिलर यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला सरासरी पगार १९ हजार डॉलर होता, १९८२ च्या अखेरीस ते गेले तेव्हा २ लाख ४१ हजारांच्या घरात. त्यांनी मिळवलेल्यातला सगळ्यात हुशारीचा भाग मला हा टंचाईचाच वाटतो.

संप आणि टाळेबंदी हे शब्द मराठी वाचकाला गिरणगावाने शिकवले आहेत, म्हणून इथे थोडं थांबून एक फरक सांगितला पाहिजे. १९७२ पासून बेसबॉलमध्येही वारंवार संप आणि टाळेबंदी झाली. सर्वांत मोठा संप १२ ऑगस्ट १९९४ ला सुरू झाला, २३२ दिवस चालला. त्या वर्षी वर्ल्ड सिरीजच झाली नाही. मालकांना संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा हवी होती. १९९५ च्या वसंतात त्यांनी बदली खेळाडू आणून शिबिरं चालवली. बदली कामगार घालून गिरणी चालते; बदली खेळाडू घालून चाललेल्या सामन्याला लोक बेसबॉल म्हणत नाहीत. बाल्टिमोरचे मालक पीटर अँजेलोस स्वतः कामगारांच्या बाजूचे वकील होते, त्यांनी बदली खेळाडू घ्यायला नकार दिला. ३१ मार्च १९९५ ला न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी मालकांविरुद्ध मनाई हुकूम काढला आणि जुन्या अटींवर खेळ सुरू झाला. पगाराची कमाल मर्यादा आली नाही. पुढे आला तो ठरावीक रकमेवरच्या खर्चावर लागणारा कर, जो अजून चालू आहे.

एजंट ही व्यक्ती या इतिहासात उशिरा येते, पण चर्चेत सगळ्यांत पुढे असते. स्कॉट बोरास यांचं नाव घेतल्यावर अनेक चाहत्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. ते स्वतः कार्डिनल्स आणि कब्जच्या मायनर लीग संघांतून खेळले, गुडघ्यांनी साथ सोडली, मग औषधनिर्माणशास्त्राची आणि कायद्याची पदवी घेतली. खेळाडूच्या कामगिरीचे जाडजूड आकडेवारीग्रंथ घेऊन मालकापुढे बसणं ही त्यांची पद्धत. डिसेंबर २००० मध्ये त्यांनी अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जसाठी टेक्सास रेंजर्सकडून दहा वर्षांचे २५ कोटी २० लाख डॉलर मिळवले. टॉम हिक्स यांनी दोनच वर्षांपूर्वी तो संघ सुमारे २५ कोटींना विकत घेतला होता. हिक्स यांच्यासमोर दुसरं गिऱ्हाईक खरंच तेवढ्या ताकदीचं होतं की ते स्वतःशीच चढाओढ करत होते, हा वाद आजही होतो. एजंटचं खरं कसब इथे कळतं: दुसरं गिऱ्हाईक असेल तर ते दाखवायचं, नसेल तरी ते असू शकतं अशी धाकधूक ठेवायची.

त्याच कराराचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर २००३ मध्ये रॉड्रिग्जला बॉस्टनला जायचं होतं आणि त्यासाठी तो करारातली रक्कम कमी करून घ्यायलाही राजी होता. खेळाडूंच्या संघटनेने परवानगी नाकारली आणि व्यवहार फिसकटला. सर्वांत श्रीमंत खेळाडू स्वखुशीने पैसे सोडतो आहे आणि त्याचीच संघटना त्याला अडवते आहे, हे वरवर विचित्र दिसतं. संघटनेची बाजू मात्र पक्की होती. आज एकाने हमीची रक्कम सोडली तर उद्या प्रत्येक संघ प्रत्येक खेळाडूकडे तेच मागेल. तारांकित खेळाडूचा करार त्याच्या एकट्याचा नसतो; मागून येणाऱ्याच्या मागणीचा तो आधार असतो. मी संघटनेच्या बाजूचा आहे.

सहा वर्षांच्या आत काय होतं, हे आकड्यांच्या झगमगाटात हरवतं. पहिली तीन वर्षं खेळाडू साधारणपणे संघ देईल ते घेतो, म्हणजे बहुधा किमान पगार. पुढची तीन वर्षं पगाराचा लवाद. दोन्ही बाजू एकेक आकडा देतात, तीन लवादांचं मंडळ सुनावणी घेतं आणि त्यातला एकच आकडा निवडतं. मधला काढता येत नाही. या सुनावणीत खेळाडू स्वतः बसलेला असतो आणि ज्या संघासाठी तो उद्या खेळणार, त्याच संघाचे वकील तो किती कमी लायकीचा आहे हे पुराव्यांनिशी सांगतात. २०२३ मध्ये मिलवॉकीचा कॉर्बिन बर्न्स, दोनच वर्षांपूर्वी लीगचा सर्वोत्तम पिचर ठरलेला, साडेसात लाखांहून थोड्या कमी फरकासाठी अशा खोलीत बसला. संघ प्लेऑफला पोहोचला नाही याचा दोष आपल्यावर टाकला गेल्याचं त्याने बाहेर येऊन सांगितलं. तो हरला. वर्षभराने संघाने त्याला बाल्टिमोरला देऊन टाकलं. एक कोटी डॉलरचा संसार चालवणाऱ्या माणसाचं दुःख ते काय, असं कुणी म्हणेल. पण माणसाला समोर बसवून त्याची किंमत पाडण्याची ही रीत मला अमानुष वाटते.

आणि सहा वर्षं तरी सहाच असतात का? मेजर लीगमध्ये १७२ दिवस म्हणजे एक वर्ष. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला मोसम सुरू झाल्यावर थोडं उशिरा, १७ एप्रिलला, संघात घेतलं. वर्षाअखेर त्याचे दिवस भरले १७१. एका दिवसाने त्याचं मोकळं होणं वर्षभर लांबलं. त्याने तक्रार केली, २०२० मध्ये ती फेटाळली गेली. खेळाडूचं मोकळं होणं लांबवायचा दुसरा मार्ग म्हणजे तरुणपणीच केलेला लांब मुदतीचा करार. एप्रिल २०१९ मध्ये अटलांटाने २१ वर्षांच्या रोनाल्ड अकुन्या ज्युनियरला आठ वर्षांसाठी दहा कोटी आणि त्याच महिन्यात ऑझी अल्बिसला सात वर्षांसाठी साडेतीन कोटी दिले. अकुन्या व्हेनेझुएलातून आला तेव्हा त्याला सहीसाठी एक लाख मिळाले होते. अशा घरातल्या मुलाला दहा कोटी नाकार म्हणून कोण सांगेल? पण दुसरं गिऱ्हाईक येण्याआधीच ही विक्री झाली, आणि तेवढी ती संघाला स्वस्त पडली.

उलट ज्याला थांबता येतं त्याचं काय होतं, हे हुआन सोटोने दाखवलं. २०२२ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याने वॉशिंग्टनचे १५ वर्षांचे ४४ कोटी नाकारले. लोक अवाक झाले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कचे दोन संघ त्याच्यासाठी समोरासमोर आले. यँकीज १६ वर्षांसाठी ७६ कोटींपर्यंत गेले, मेट्सने १५ वर्षांचे ७६ कोटी ५० लाख दिले. बोली लावणारा पुरेसा श्रीमंत असेल आणि तो एकटा नसेल, तर आकडा कुठवर जातो याचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. शोहेई ओतानीचे ७० कोटी मात्र वेगळ्या रीतीने वाचावे लागतात. डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सशी झालेल्या त्या करारात वर्षाला फक्त २० लाख हातात पडतात; ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात, तेही बिनव्याजी. संघाच्या खर्चावरचा कर मोजताना त्याची किंमत धरली गेली वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाख. याशिवाय एक कलम आहे: संघाचे मुख्य मालक मार्क वॉल्टर किंवा बेसबॉल विभागाचे प्रमुख अँड्र्यू फ्रीडमन गेले, तर ओतानीलाही जाता येईल. पैसे पुढे ढकलून त्याने निघून जायचा हक्क मागून घेतला. मथळ्यातला आकडा वाचून कागद खाली ठेवणाऱ्याला हे दिसत नाही.

आपल्याकडचा वाचक इथे आयपीएलचा विचार करणार, आणि करावाच. फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत पहिला लिलाव झाला, महेंद्रसिंह धोनीला चेन्नईने १५ लाख डॉलरना घेतलं. तिथे अनेक गिऱ्हाइकं एकाच दालनात बसतात, चढाओढ डोळ्यांदेखत होते. पण कुठल्या संघात जायचं हे खेळाडू ठरवत नाही, प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा घातलेली असते, आणि त्या अटींवर क्रिकेट मंडळाशी बोलणी करणारी सध्याच्या भारतीय खेळाडूंची संघटना नाही. अमेरिकेत ज्या दोन गोष्टींसाठी एवढा झगडा झाला, संघ निवडण्याचा हक्क आणि खर्चाला मर्यादा नसणं, त्या दोन्ही इथे खेळाडूच्या बाजूने कधी मागितल्याच गेल्या नाहीत. त्याची कारणं वेगळी आहेत, तो वेगळा ग्रंथ होईल. बेसबॉलचा इतिहास वाचताना तेवढा प्रश्न मनात असू द्यावा.

बेसबॉलमध्येही सगळ्यांना हे मिळालं नाही. मायनर लीगमधली हजारो मुलं दशकानुदशकं संघटनेबाहेर होती. त्यांना शिबिराच्या दिवसांचा पगारही मिळत नसे. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांना संघटनेत घेतलं गेलं, २०२३ मध्ये त्यांचा पहिला करार झाला, आणि मेजर लीगच्या उंबऱ्यावरच्या ट्रिपल-ए खेळाडूचा किमान पगार वर्षाला ३५,८०० डॉलर झाला. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल २००८ मध्ये पिट्सबर्गसाठी सही करून गेले, ते याच पायरीच्या खूप खाली, संघटना नसलेल्या काळात.

सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो आणि पगाराच्या कमाल मर्यादेचा विषय पुन्हा टेबलावर आला आहे. जुलै २०२५ मध्ये आयुक्त रॉब मॅनफ्रेड फिलाडेल्फियाच्या खेळाडूंशी बोलायला त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले होते. मर्यादेबद्दल बोलायचं असेल तर इथून निघा, असं ब्राइस हार्परने त्यांना तोंडावर सुनावल्याच्या बातम्या आल्या. हार्परचा स्वतःचा करार २०१९ चा: १३ वर्षं, ३३ कोटी डॉलर, त्याच्या संमतीविना त्याला दुसऱ्या संघाला देता येत नाही. तो २०३१ पर्यंत चालतो आणि त्याची रक्कम हमीची आहे. त्या खोलीत असे खेळाडूही होते ज्यांचे १७२ दिवस अजून भरायचे होते.